अणुपदार्थाचा ताळेबंद : प्रक्रिया-कारखान्यातील मोजणी आणि राखण

गोव्यात अणुइंधनावर प्रक्रिया करणारा कारखाना नाही. काणकोण ओलांडून कारवारच्या अंगाला गेले की कैगा येते, आणि तेथेही इंधन तयार होत नाही की विरघळवले जात नाही. हैदराबादेत बनलेले बंडल तेथे येतात, अणुभट्टीत जळतात आणि पाण्याच्या तलावात थंड होत राहतात. बंडल ही मोजायला सोपी गोष्ट आहे, कारण प्रत्येकावर क्रमांक कोरलेला असतो आणि त्याची नोंद एखाद्या गोणीसारखी नगावर ठेवता येते. खरी कसोटी लागते ती पदार्थ पूड, द्रावण, गोळी, भुगा आणि टाकाऊ चिंध्या अशा रूपांतून सतत बदलत जातो तेथे. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊन येथून हैदराबाद, तारापूर, तुर्भे किंवा कल्पाक्कमची वाट धरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना या हिशेबाची पद्धत समजावी, म्हणून हे टिपण लिहीत आहे. मी स्वतः लोहखनिजाच्या प्रयोगशाळेत वजन-नमुना-विश्लेषण शिकलो आणि नंतर या विषयाकडे वळलो, त्यामुळे उदाहरणे खनिजाची आली तर वाचकांनी चालवून घ्यावे.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून ठेवावेत. मोजणी म्हणजे किती आहे ते सांगणे. राखण म्हणजे दोन मोजण्यांच्या मधल्या काळात कोणी हात लावला नाही याची खात्री देणे. गोव्यात गावोगावी राखणदार असतो, पण गावात किती नारळ पडले याचा हिशेब कोणी त्याच्याकडे मागत नाही. तो हिशेब भाटकाराच्या वहीत असतो. अणुकारखान्यात वही आणि राखणदार दोघेही लागतात, आणि एकाच्या भरवशावर दुसऱ्याने झोपायचे नसते.

आधी बांध, मग मानस

खाजन शेती पाहिलेल्या माणसाला पहिली पायरी समजावून सांगावी लागत नाही. शेताला बांध असतो आणि खारे पाणी आत-बाहेर जाण्याची वाट एकच, ती म्हणजे मानस. मानशीची फळी किती वेळ उघडी होती हे ठाऊक असेल, तर आत पाणी किती आले याचा अंदाज बांधता येतो; मात्र बांधाला खेकड्यांनी भोके पाडली असतील, तर मानशीवरचा हिशेब कितीही चोख ठेवला तरी तो जुळत नाही.

कारखान्याची विभागणी याच न्यायाने करावी. ज्या भागाचा स्वतंत्र ताळेबंद मांडता येईल, अशा प्रत्येक भागाला ताळेबंद-क्षेत्र म्हणतात. पदार्थ त्या क्षेत्रात शिरतो, बाहेर पडतो किंवा साठवला जातो, त्या प्रत्येक ठिकाणी मोजणीचा बिंदू ठरवून द्यावा आणि इतर कोणत्याही वाटेने पदार्थ जाऊ शकत नाही हे नकाशावर नव्हे, तर प्रत्यक्ष फिरून तपासावे. निचऱ्याची गटारे, हवा शोषून घेणाऱ्या नळ्यांवरील गाळण्या, धुलाईचे पाणी, नमुन्यांच्या बाटल्या, कामगारांचे हातमोजे, या सगळ्या वाटाच आहेत. क्षेत्र फार मोठे ठेवले, तर फरक कोठे पडला ते कळत नाही. फार लहान ठेवले, तर प्रत्येक सीमेवर मोजणी करता करता काम थांबते. रासायनिक रूप जेथे बदलते तेथे सीमा आखणे बहुधा सोयीचे पडते, कारण तेथे विश्लेषण करावे लागणारच असते.

किती बारकाईने मोजायचे, हे पदार्थावर ठरते. व्हिएन्नास्थित आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 'लक्षणीय राशी' हे माप वापरते, म्हणजे जेवढ्या पदार्थातून एक अणुबाँब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही तेवढा पदार्थ. प्लुटोनियमसाठी ती 8 किलो आहे, युरेनियम-233 साठीही 8 किलो, 20 टक्के किंवा त्याहून अधिक समृद्ध (म्हणजे युरेनियम-235 चा वाटा वाढवलेल्या) युरेनियममधील युरेनियम-235 साठी 25 किलो आणि त्याखालच्या समृद्धीसाठी 75 किलो. नैसर्गिक युरेनियमसाठी 10 टन. राशीबरोबर मुदतही येते. न जळलेले प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियम गहाळ झाले, तर ते महिन्याभरात लक्षात यावे. जळलेल्या इंधनातील प्लुटोनियमसाठी तीन महिने आणि कमी समृद्ध किंवा नैसर्गिक युरेनियमसाठी एक वर्ष. म्हणून वर्षातून एकदा गोदाम मोजून स्वस्थ बसता येत नाही.

भारतात हे आंतरराष्ट्रीय निरीक्षण सर्व प्रकल्पांना सरसकट लागू नाही. नेमून दिलेल्या प्रकल्पांना ते लागू आहे. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरुवातीच्या काळापासून त्यात आहेत आणि याच संस्थेशी झालेल्या 2009 च्या करारानंतर ही यादी वाढली. निरीक्षक येवो वा न येवो, कारखान्याचा स्वतःचा हिशेब मात्र सारख्याच शिस्तीने ठेवावा लागतो.

वजन करताना

नव्या माणसाला सर्वांत सोपी वाटणारी आणि म्हणूनच सर्वांत जास्त फसवणारी मोजणी म्हणजे वजन.

युरोपात प्रमाणित करून आणलेला लोडसेलचा वजनकाटा गोव्यात तसाच लावला, तर तो खोटे वजन दाखवील, आणि त्यात काट्याचा काही दोष नसेल. लोडसेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो. लंडनला गुरुत्वीय त्वरण सुमारे 9.812 आहे आणि पणजीच्या अक्षांशावर सुमारे 9.784. हा फरक पाव टक्क्याहून थोडा अधिक आहे, म्हणजे हजार किलोच्या पिंपामागे जवळजवळ 3 किलो कमी दिसणार. म्हणून काटा ज्या फरशीवर वापरायचा, त्याच फरशीवर प्रमाणित वजने ठेवून तपासावा. तपासणी रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी आणि संध्याकाळी शेवटच्या वजनानंतर करावी, आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. संध्याकाळची तपासणी पुष्कळजण टाळतात. पण काटा दुपारी बिघडला असेल, तर ते सांगणारी तीच एक नोंद असते.

हवेच्या उत्प्लावकतेचाही विचार करावा. पोलादी वजनांनी प्रमाणित केलेल्या काट्यावर 1.4 घनतेचे द्रावण तोलले, तर सुमारे 0.07 टक्के कमी भरते. कांदे-बटाट्यांना हे लागत नाही; वर्षाला टनांनी द्रावण हाताळणाऱ्याला मात्र लागते.

मग येतो तो प्रश्न, ज्याने मला खनिजाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच पावसाळ्यात धडा शिकवला. जुलै महिना होता. डिचोलीकडून आलेल्या नमुन्यांच्या पिशव्या कोणीतरी ओसरीवर ठेवल्या आणि मी दोन तासांनी त्यांतला एक नमुना तोलून ओलावा काढला. आधीच्या नोंदीशी तो जुळेना. फरक थोडका होता, हाताखालून सहज निसटण्याजोगा, आणि मी तो आधीच्या आकड्याला साजेसा 'दुरुस्त' केला. आमच्या वरिष्ठांनी वही उघडली, त्या आकड्यावर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, "हा काट्याने सांगितला की तुम्ही?" त्यांनी मला तो आकडा खोडून, शेजारी खरा आकडा, तारीख आणि सही घालायला लावली. खाडाखोड वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, पांढरी शाई वापरायची नाही, हा नियम तेव्हापासून हाताला बसला. अणुपदार्थाच्या वहीतही नियम तोच आहे.

युरेनियम ऑक्साइडच्या पुडीचेही असेच असते. आपल्याला हिशेब हवा असतो युरेनियमचा, आणि काट्यावर येतो ऑक्साइड, त्यात मुरलेले बाष्प आणि हवेतून घेतलेला जादा ऑक्सिजन. शुद्ध युरेनियम डायऑक्साइडमध्ये 88.15 टक्के युरेनियम असते. पण पूड हवेत राहिली, तर ती ऑक्सिजन घेते, वजन वाढते आणि हा अंश घटतो. म्हणून 'वजन गुणिले टक्केवारी' या गुणाकारात टक्केवारी पुस्तकातून घेऊ नये. त्या खेपेच्या नमुन्यातून ती काढावी, आणि नमुना वजनाच्याच वेळी घ्यावा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

टाकीत काय आहे

पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जळलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळते आणि हिशेबाच्या टाकीत येते. या टाकीजवळ माणूस जाऊ शकत नाही. तिच्याभोवती जाड काँक्रीट असते. पट्टी बुडवून पाहता येत नाही, काचेतून डोकावता येत नाही. तेथे वापरतात ती युक्ती मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते.

टाकीत तीन बारीक नळ्या सोडलेल्या असतात आणि त्यांतून हवा अगदी सावकाश बुडबुड्यांनी सोडली जाते. एकीचे तोंड तळाशी, दुसरीचे तिच्याहून ठरावीक अंतरावर वर, आणि तिसरीचे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या मोकळ्या जागेत. नळीतून बुडबुडा बाहेर काढण्यासाठी हवेला जेवढा दाब लागतो, तेवढाच त्या खोलीवर द्रवाचा दाब असतो. समजा, खालच्या दोन नळ्यांच्या तोंडांत 0.25 मीटर अंतर आहे आणि त्यांच्या दाबातला फरक 3,425 पास्कल आला. तळाची नळी आणि मोकळ्या जागेतली नळी यांच्यातला फरक 20,550 पास्कल आला. दुसरा फरक पहिल्याच्या सहापट आहे, म्हणून तळनळीच्या तोंडापासून द्रवाची उंची 0.25 च्या सहापट, म्हणजे दीड मीटर. या भागाकारात गुरुत्वही उडून जाते आणि घनताही. घनता हवीच असेल, तर पहिल्या फरकातून ती काढता येते, पण तेथे पुन्हा स्थानिक गुरुत्व लागते: 3,425 ला 9.784 आणि 0.25 ने भागले की घनमीटरला सुमारे 1,400 किलो मिळतात.

उंचीवरून आकारमान काढण्यासाठी टाकीचा आलेख तयार असावा लागतो. टाकी कामात आणण्यापूर्वी तिच्यात तोललेले पाणी थोडे थोडे सोडून प्रत्येक टप्प्यावर दाब नोंदवतात, आणि ही फेरी अनेकदा करतात. टाकीच्या आत गुंडाळी असते, ढवळणी असते, तळ गोलाकार असतो, त्यामुळे आराखड्यावरून काढलेले आकारमान कामाचे नाही. टाकी रिकामी केल्यावर तळाशी राहणारा साका विसरू नये. द्रावणाचे तापमान पाण्याच्या फेरीच्या वेळच्यापेक्षा वेगळे असेल, तर टाकीही किंचित पसरलेली असते, तिचीही दुरुस्ती करावी.

यानंतर नमुना. नमुना घेण्यापूर्वी टाकी पुरेशी ढवळली आहे, हे गृहीत धरू नये. ढवळणी सुरू केल्यापासून ठरावीक वेळाने दोन-तीन नमुने घ्यावेत आणि ते एकमेकांशी जुळू लागतात ती वेळ त्या टाकीसाठी कायम करावी. बाटलीचे बूच सैल राहिले, तर बाष्प उडून नमुना घट्ट होतो आणि सगळ्या टाकीत खोटे प्लुटोनियम दिसू लागते. म्हणून बाटली भरताच तोलावी आणि प्रयोगशाळेत पोहोचल्यावर पुन्हा तोलावी. प्रयोगशाळेत युरेनियमसाठी अनुमापनाची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे. फार किरणोत्सारी द्रावणासाठी समस्थानिक-विरलन वापरतात: नमुन्यात ठाऊक मात्रेचे वेगळे समस्थानिक मिसळून वस्तुमान-वर्णपटमापीने त्यांचे गुणोत्तर मोजायचे. एकदा मिसळणे नीट झाले की पुढे थोडा नमुना सांडला तरी गुणोत्तर बदलत नाही, ही तिची खरी ताकद. चांगल्या प्रयोगशाळेत या पद्धतींची अनिश्चितता टक्क्याच्या दशांशांत राहते. टाकीच्या हिशेबातली मोठी चूक बहुधा उपकरणात सापडत नाही, ती नमुन्यात सापडते. खनिजाच्या ढिगावर फावडे कोठे मारले, यावरून ज्यांनी वाद ऐकले आहेत, त्यांना हे नवल वाटणार नाही.

डबा न उघडता

टाकाऊ चिंध्यांच्या पिंपातून किंवा सील केलेल्या डब्यातून नमुना काढता येत नाही. तेथे पदार्थ स्वतः काय बाहेर टाकतो ते मोजावे.

युरेनियम-235 हे 185.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण देते. पूड पुरेशी जाड असेल, तर शोधकापर्यंत फक्त पुढच्या थरातलेच किरण पोहोचतात, मागचे वाटेतच शोषले जातात; त्यामुळे मोजलेला आकडा डब्यात माल किती यावर अवलंबून राहत नाही, समृद्धी किती यावर राहतो. याचा अर्थ असा की, ही मोजणी समृद्धी सांगते, वजन सांगत नाही, आणि हे दोन गोंधळून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. डब्याची भिंत किती जाड आहे ते श्राव्यातीत मापकाने आधी मोजून घ्यावे, कारण थोड्या मिलिमीटर पोलादानेही आकडा लक्षणीय घटतो.

प्लुटोनियमसाठी न्यूट्रॉन मोजतात. सम वस्तुमानांकाची समस्थानिके, मुख्यतः प्लुटोनियम-240, आपोआप विखंडित होतात आणि एका विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन एकाच क्षणी बाहेर पडतात. असे जोडीने आलेले न्यूट्रॉनच तेवढे मोजणारी यंत्रणा अल्फा-अभिक्रियांतून आलेले सुटे न्यूट्रॉन बाजूला काढते. येथेही ओलावा घात करतो, कारण पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करतो. तिसरा मार्ग उष्णतेचा: प्लुटोनियम-239 किलोला सुमारे 1.9 वॅट उष्णता देते, प्लुटोनियम-238 त्याच्या जवळजवळ तीनशेपट. उष्णतामापीत डबा काही तास ठेवावा लागतो, पण डब्याच्या आत पदार्थ कसा पसरला आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. समस्थानिकांचे प्रमाण मात्र गॅमा वर्णपटावरून वेगळे काढावेच लागते.

प्लुटोनियमच्या बाबतीत आणखी एक गंमत. प्लुटोनियम-241 चे अर्धायुष्य 14.3 वर्षे आहे. वर्षभरात त्यातले सुमारे पावणेपाच टक्के अमेरिशियम होऊन जाते. डब्याला कोणी हात न लावताही वहीतला आकडा खोटा ठरत जातो. म्हणून प्लुटोनियमच्या प्रत्येक नोंदीला तारीख असावी आणि ताळेबंदापूर्वी सगळे आकडे एकाच तारखेवर आणून ठेवावेत.

साठ्याची मोजदाद

ठरलेल्या दिवशी प्रक्रिया थांबवावी, शक्य तेवढा पदार्थ नळ्या आणि यंत्रांतून बाहेर काढून मोजता येईल अशा रूपात आणावा, प्रत्येक नगाला पाटी लावावी आणि दोन माणसांनी, एकाने वाचत आणि दुसऱ्याने लिहीत, यादी करावी. मोजून झालेल्या नगावर खूण करावी. मोजणी चालू असताना कोणताही नग हलवू नये. ही साधी गोष्ट मोडल्यानेच एकच डबा दोनदा मोजला जातो. मोजायला सोपे जावे म्हणून डबे एकावर एक रचू नयेत. विखंडनक्षम पदार्थ जवळ आणण्याला क्रांतिकतेच्या, म्हणजे विखंडनाची साखळी आपोआप चालू राहण्याच्या, मर्यादा आहेत, आणि त्या मोजदादीच्या दिवशीही तशाच लागू असतात.

सगळा पदार्थ कधीच बाहेर निघत नाही. पूड ग्लोव्ह बॉक्सच्या कोपऱ्यांत बसते, गाळणीत अडकते, नळीच्या कोपरात साठते. 1994 मध्ये जपानमधील तोकाई येथील प्लुटोनियम इंधनाच्या कारखान्यात अशा चिकटून राहिलेल्या प्लुटोनियमचा साठा सुमारे 70 किलोपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले. ते चोरीला गेलेले नव्हते, यंत्रांतच होते. पण 8 किलोचे माप समोर ठेवले, तर 'तेथेच असेल' या उत्तराने कोणाचे समाधान व्हावे? अडकलेला साठा शोधक लावून जागेवर मोजावा, त्याची अनिश्चितता मोठी आहे हे लिहून ठेवावे, आणि तो वाढत चालला असेल तर यंत्र उघडून साफ करावे.

फरक आला, पुढे काय

ताळेबंदाचे सूत्र वाण्याच्या वहीतलेच आहे. आरंभीचा साठा अधिक आवक, वजा जावक, वजा टाकाऊ, म्हणजे वहीप्रमाणे असायला हवा तो साठा. त्यातून प्रत्यक्ष मोजलेला साठा वजा केला की उरतो तो 'हिशेबात न लागलेला पदार्थ'. या क्षेत्रातले लोक त्याला मफ म्हणतात.

समजा, एका युरेनियम कारखान्याचा आरंभीचा साठा 12,480 किलो होता, आवक 5,210, जावक 4,965 आणि टाकाऊ 6.5. वही म्हणते 12,718.5 किलो, मोजदादीत मिळाले 12,711.3. मफ 7.2 किलो. हा आकडा मोठा की लहान, हे त्याच्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही. प्रत्येक मोजणीची प्रमाण त्रुटी घ्यावी: समजा, ती अनुक्रमे 2.5, 2.0, 1.5, 0.8 आणि अखेरच्या साठ्यासाठी 2.6 किलो आहे. या मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून त्यांच्या वर्गांची बेरीज 19.9 येते आणि वर्गमूळ सुमारे 4.5. मफ त्याच्या दुपटीच्या आत, म्हणून एकट्याने पाहिला तर तो मोजणीच्या चुकांत बसतो.

पण पुढच्या दोन ताळेबंदांत 6.8 आणि 7.5 आले, तर? प्रत्येक वेळी 'मर्यादेत आहे' असा शेरा मारून फाइल बंद करणारा हिशेबनीस येथे चुकतो. तिन्हींची बेरीज 21.5 किलो. बेरजेत मधले साठे परस्पर कटतात, कारण एका काळाचा अखेरचा साठा तोच पुढच्याचा आरंभीचा. उरते पहिल्या आरंभाची, शेवटच्या अखेरीची आणि तीन काळांच्या आवक-जावकीची त्रुटी. तिचे वर्गमूळ सुमारे 5.8 किलो येते. 21.5 ही त्याची पावणेचार पट झाली. आता चौकशी टळत नाही.

चौकशीची सुरुवात संशयितापासून करू नये, काट्यापासून करावी. आवक एका काट्यावर आणि जावक दुसऱ्यावर तोलली जात असेल आणि एका काट्यात 0.1 टक्क्याची कायमची चूक असेल, तर तीन काळांच्या 15,630 किलो आवकीवर तीच साडेपंधरा किलोंची होते. ही चूक वर्गमुळाने घटत नाही, ती मालाबरोबर वाढते. दोन्ही बाजू एकाच काट्यावर तोलल्या, तर ती जवळजवळ कटून जाते. त्यानंतर नमुने, मग अडकलेला साठा, मग नोंदीतली उलटापालट, आणि मग बांधातली भोके, या क्रमाने शोध घ्यावा. फरक ऋण आला, म्हणजे वहीपेक्षा माल जास्त निघाला, तरी चौकशी तेवढीच करावी. आणि फरक महिनोन्महिने शून्य येत असेल, तर सर्वांत आधी वही लिहिणाऱ्याला भेटावे.

मफकडे वेळेवर न पाहिल्याने काय होते, हे इंग्लंडमधील सेलाफील्डच्या थॉर्प कारखान्यात दिसले. तेथे हिशेबाच्या टाकीकडे जाणारी एक नळी तुटली आणि विरघळलेल्या इंधनाचे सुमारे 83 घनमीटर द्रावण काँक्रीटच्या खोलीत सांडले. त्यात सुमारे 22 टन युरेनियम आणि 160 किलो प्लुटोनियम होते. गळती 2004 मध्ये सुरू झाली असावी. कॅमेऱ्याने ती पाहिली एप्रिल 2005 मध्ये, आणि कॅमेरा तेथे पाठवावा असे वाटले ते आवक आणि टाकीतली मोजणी यांत पडलेल्या फरकामुळे. खोली त्यासाठीच बांधलेली असल्याने कोणाला इजा झाली नाही. या घटनेतला मला न विसरता येणारा तपशील वेगळाच आहे: ती टाकी तोलता यावी म्हणून टांगलेली होती, तिच्या हलण्याने जोडलेली नळी थकत गेली आणि तुटली. मोजण्यासाठी केलेल्या सोयीनेच बांधाला भोक पाडले.

राखण

मोजणी एकटी का पुरत नाही, ते आकड्यांतच दिसते. जपानमधील रोक्काशोचा कारखाना वर्षाला 800 टन जळलेले इंधन हाताळावे अशा बेताने आखलेला आहे. त्यातून सुमारे 8 टन प्लुटोनियम निघते. सगळी मोजणी एका टक्क्यापर्यंत बरोबर असली, तरी वर्षाची अनिश्चितता 80 किलो, म्हणजे दहा लक्षणीय राशी. ही दरी सील, कॅमेरे आणि वारंवारच्या लहान ताळेबंदांनीच भरून काढावी लागते.

सील हे कुलूप नाही. ते तोडायला सोपे असले तरी चालते. तोडल्याचे लपवता मात्र येऊ नये. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या धातूच्या टोपीसारख्या सीलमध्ये आतल्या पृष्ठभागावर ओरखडे असतात, त्यांचे छायाचित्र बसवण्यापूर्वी घेतात आणि सील परत आणल्यावर ते ताडून पाहतात. आपल्या कारखान्यात सील वापरताना कोरी सीले एकाच माणसाच्या ताब्यात कुलपात असावीत, बसवणारे दोघे असावेत, आणि सीलचा क्रमांक, डब्याचा क्रमांक, दिवस आणि वेळ त्याच जागी लिहावी, टेबलावर परत जाऊन नव्हे. तार ढिली ठेवू नये. कॅमेऱ्याच्या दृष्टीपथात पिंप उभे करून ठेवणे ही नेहमीची हलगर्जी आहे, आणि दिवे गेले त्या काळातले चित्र तर मिळतच नाही. मग राखण तुटली असे मानून ज्या डब्यांवर ती अवलंबून होती ते सर्व पुन्हा मोजावे लागतात. त्याला दिवस लागतात. तरीही ते करावे.

गोव्यात सराव करायचा असेल तर

पुनर्प्रक्रियेची टाकी येथे मिळणार नाही, पण जुन्या महाविद्यालयांच्या रसायनशाळांत युरेनिल ॲसिटेट, युरेनिल नायट्रेट किंवा थोरियम नायट्रेटची बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत असू शकते; सूक्ष्मदर्शकासाठी ऊती रंगवताना युरेनिल ॲसिटेट आजही वापरतात. ही बाटली म्हणजेच आपले पहिले ताळेबंद-क्षेत्र समजावे. हातमोजे घालावेत, पूड उडू देऊ नये, आणि बाटली न उघडता तोलावी. लेबलावर रिकाम्या बाटलीचे वजन नसेल, तर तशीच दुसरी रिकामी बाटली तोलून अंदाज घ्यावा आणि तो अंदाज आहे असे लिहावे. युरेनिल ॲसिटेटचा द्विजलीय स्फटिक असेल, तर 25 ग्रॅममध्ये सुमारे 14 ग्रॅम युरेनियम असते. साठा-नोंदवहीतील खरेदीच्या दिवसापासूनचा वापर जमवावा आणि फरक काढावा. तो येईलच, कारण प्रात्यक्षिकांत वापरलेल्या चिमटीभर पुडीची नोंद सहसा कोणी केलेली नसते. फरकाला जुळवू नये. कारणांसह तो लिहावा, संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला, आणि तसा कोणी नसेल तर प्राचार्यांना, लेखी कळवावा, बाटली कुलपाच्या कपाटात ठेवावी आणि बुचावर आपल्या सहीची, तारखेची कागदी पट्टी अशी डकवावी, की बूच फिरताच ती फाटेल. पावसाळ्यात गोंद सुटतो, म्हणून पट्टी दर महिन्याला पाहावी.